उभे हमाल

“आता जे सांगतो ना, थे तुमच्यातला एकबी माणूस खरं मानणार नाई. लावता शर्यत?”

चैतराम मुकद्दमानं खाटेवर बूड टेकायच्या आधीच हे जाहीर करून टाकलं. जानेवारीचं ऊन आंगणात अर्ध्यापर्यंत आलं होतं. उरलेल्या सावलीत बसायला कोणीच राजी नव्हतं, म्हणून सायकल दुरुस्तीवाला दुधराम आणि म्हातारा बकाराम एकाच चटईवर गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. चैतरामची बायको रुख्मा ओसरीच्या पायरीवर होती, सुपात लाखोरीची डाळ घेऊन खडे वेचत.

“शर्यत कायले?” दुधराम म्हणाला. “तुमचं आजपर्यंत मानलं कोणी?”

यात काही खोटं नव्हतं. चैतरामच्या गोष्टी खऱ्या मानायची नागरा गावात पद्धतच नव्हती, ऐकायची मात्र होती. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये त्यानं तीस वर्षं हमालांची टोळी चालवली. त्याच्या सांगण्याप्रमाणे एकदा त्यानं धानाचा कट्टा ट्रकात असा फेकला, की तो ट्रक ओलांडून गेला आणि तिसऱ्या दिवशी बालाघाटहून निरोप आला: कट्टा पोचला, शिलाई जराशी उसवली आहे. नागझिऱ्याच्या रस्त्यावर एका वाघानं त्याला हटकून विचारलं होतं, गाइड लोक आज कोणत्या बाजूनं फिरून राहिले ते सांग बाप्पा, म्हणजे मी दुसरीकडून निघतो. नऊ वर्षांआधी चैतरामच्या दोन्ही किडन्या बसल्या आणि रुख्मानं आपली एक काढून दिली, तेव्हाही टाके ओले असतानाच त्यानं भेटायला आलेल्यांना सांगितलं, की डॉक्टरनं हिचं पोट उघडलं तर आत चार निघाल्या, धानाच्या रोवणीत वाकून वाकून बायांना जास्तीच्या फुटतात म्हणे. बाजूच्या खाटेवर रुख्मा टाक्यांवर उशी दाबून हसली होती. “हसवू नका जी,” म्हणाली होती, “फाटीन मी.”

पण इतक्या वर्षांत दवाखान्याचा कागद हातात धरून चैतराम कधी खोटं बोलला नव्हता. तिथं तो सरळ असायचा. आज पहिल्यांदाच कागद हातात होता आणि खोटंही बोलायचं होतं. कालच तो नागपूरहून आला होता. तिथं जे कळलं ते रुख्माला कळू द्यायचं नाही, एवढं एकच काम त्याच्यापुढं होतं, आणि एवढं कठीण काम त्यानं मिलमध्येसुद्धा अंगावर घेतलं नव्हतं. दुधराम आणि बकारामला त्यानंच सकाळी हाक मारून बोलावलं होतं. एकट्या बायकोसमोर गोष्ट रंगत नाही. चार लोक हसले की तीही हसेल आणि विषय तिथंच संपेल, असा त्याचा हिशेब होता.

“त ऐका. काल माहा रिपोर्ट निघाला. चांगलं कोलेस्टेरॉल किती? अडुसष्ट! साध्या माणसाले चाळीस मिळाले त थो पेढे वाटते. मशीनवाल्यानं मशीनले दोनदा थापड मारून पायली. मंग त्यानं दुसऱ्याले बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याले. दहा डॉक्टर उभे माह्याभोवती. एक त माह्यासंगं फोटो काढून राहिला होता.”

“चांगलं कोलेस्टेरॉल म्हंजे काय असते गा?” बकारामनं विचारलं. त्यानं ऐंशी कधीच ओलांडली होती. तो चैतरामच्याच टोळीतला जुना हमाल. त्याला अजून दोन वेळ भात पचत होता आणि चष्मा लागत नव्हता.

“तुले समजन असं सांगतो, बकाभाऊ. रगतात चरबी राहते. थे धानाचे कट्टे समज. नळीच्या काठानं कट्टे पडून राहिले त रस्ता बंद, गाडी कुठून जाईन? आन् चांगलं कोलेस्टेरॉल म्हंजे हमाल. कट्टा पाठीवर घ्याचा, लिव्हरच्या गोदामात नेऊन टाकाचा. माह्या आंगात हमालच हमाल! एकमेकाच्या पायावर पाय देऊन राहिले.”

बकारामला हे फार आवडलं. त्यानं मांडीवर थाप मारली. रुख्मानं मान वर केली नाही, पण तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, आणि चैतरामला वाटलं, जमतंय.

अडुसष्ट खरे होते. कागदावर छापलेले होते. दहा डॉक्टर मात्र नव्हते. एकच होती, तिशीच्या आतली, शेवटच्या खोलीत बसणारी डॉक्टरीण. किडनी बदललेल्या लोकांच्या रक्ताचा ती अभ्यास करत होती आणि दिवाळीच्या आधी तिनं चैतरामकडून रक्ताची एक जास्तीची नळी भरून घेतली होती. काल चैतराम एकटाच गेला. एरवी रुख्मा प्रत्येक वेळी सोबत असायची. या वेळी ती गोरेगावला मावसबहिणीच्या तेरवीला जाणार हे पाहूनच त्यानं ती तारीख धरली होती. छातीत दुखतं ते त्याला तिच्यासमोर सांगायचं नव्हतं.

डॉक्टरणीच्या हातातला कागद त्यानं उलटा वाचला आणि म्हणाला, “बाई, पास झालो म्हणा.”

तिनं कागद त्याच्याकडं सुलटा फिरवला. “काका, आकडा चांगलाच आहे. पण आम्ही आकड्याच्या पुढचं तपासत होतो. हे चांगलं कोलेस्टेरॉल चरबी खरंच उचलून नेतं का, ते. तुमचं फार कमी उचलतं. जवळपास नाहीच.”

“म्हंजे आहे, पण उचलत नाई?”

“हो. किडनी बंद पडते तेव्हापासूनच ते बिघडायला लागतं. किडनी बदलल्यावरही सगळ्यांचं पहिल्यासारखं होत नाही. अंगात बारीक सूज राहते, गोळ्यांचाही थोडा वाटा असतो. साध्या तपासणीत हे दिसत नाही. मोजलं तर सगळं भरपूर दिसतं.”

पुढचं ऐकायची चैतरामला गरज पडली नाही. “उभे हमाल,” तो म्हणाला.

“काय?”

मग त्यानं तिला समजावून सांगितलं. टोळीतला एखादा म्हातारा झाला, त्याची कंबर गेली, तर टोळी त्याला घरी पाठवत नसे. सकाळी मालक फाटकावर डोकी मोजायचा, तेव्हा तोही कट्टे ओढायची आकडी खांद्यावर टाकून रांगेत उभा राहायचा. ट्रक लागला की सगळ्यांबरोबर उठायचा, थप्पीपर्यंत चालत जायचा, कट्ट्याला हात लावायचा आणि बाजूला व्हायचा. त्याचा कट्टा मागचा माणूस उचलायचा. मालकाला लांबून काही कळत नसे. माणसं पुरेपूर दिसायची. त्याला म्हणायचं उभा हमाल. बकाराम अकरा वर्षं उभा होता. टोळीला एक उभा झेपतो, फार तर दोन. कोणाला ठेवायचं आणि कोणाला घरी पाठवायचं हे मुकद्दमानं ठरवायचं असतं, आणि चैतरामच्यानं कधी कोणाला जा म्हणवलं नाही. एका साली त्याच्या टोळीत पाच उभे झाले होते. त्या साली अवकाळी आला तेव्हा ओट्यावरचं धान हलवायला मोजकेच हात उरले, आणि ओल्या कट्ट्यांना मोड फुटले होते.

डॉक्टरीण बकारामच्या गोष्टीवर मोकळी हसली, आणि हसता हसता मध्येच थांबली. “अगदी तसंच आहे, काका. फक्त तुमच्यात जवळपास सगळेच उभे आहेत.”

“त्याइले कामाले लावाची गोळी द्या ना मंग.”

“ती नाही. हमाल वाढवणारी औषधं लोकांनी करून पाहिली, त्यानं कोणाचं हृदय वाचलं नाही. काम करायला लावणारं अजून काही हातात नाही. तुमची रोजची कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, ती सोडू नका.” तिनं कागदाची नीट घडी घालून त्याच्या हातात दिली. “आणि मोठ्या सरांना भेटल्याशिवाय जाऊ नका. सकाळी छातीची सोनोग्राफी झाली ना, ती त्यांनी पाहिली आहे.”

आंगणात चैतराम आता रंगात आला होता. “मोठा डॉक्टर म्हणे, चैतरामजी, तुमचे दहा-वीस हमाल आमच्या दुसऱ्या पेशंटले उसने द्या. म्या म्हणलं, देतो, पण जेवण तुमच्याकडं. आन् माह्या हमालाइले भात लागते, ब्रेडवर थे काम करत नाईत.”

“थे सगळं ठीक आहे,” दुधराम डोळे पुसत म्हणाला, “पण एवढे हमाल आहेत त परवा तलावाच्या पाळीवर छाती धरून काऊन बसले होते? सायकलवर बसवून मीच आणलं ना घरी.”

सुपातली बोटं थांबली.

“परवा?” रुख्मा म्हणाली. “मले त सांगितलं, दुधराम भेटला म्हणून त्याच्या सायकलवर आलो.”

“भेटलोच ना वहिनी. पण पाळीवर पयले हे भेटले, मंग घाम भेटला. सदरा पिळला असता त लोटा भरला असता.”

चैतरामनं मनातल्या मनात दुधरामच्या सात पिढ्या पंक्चर केल्या. रुख्माची बोटं पुन्हा डाळीत फिरायला लागली, पण आता ती खडे वेचत नव्हती. नुसतीच फिरत होती.

मोठे सर बोलले होते थोडं आणि सरळ. हृदयाचं काम निम्म्याच्या बरंच खाली आलं आहे. नळ्या बंद असणार. किती आणि कुठं, ते तार आत घालून, रंगाचं औषध सोडूनच दिसेल. ते औषध किडनीतून बाहेर पडतं. तुमच्या किडनीचा आकडा आधीच दोन पॉइंट सहावर चढलेला. आम्ही सगळी काळजी घेऊ, औषध कमीत कमी सोडू, पण ती झेलेल असं मला लिहून देता येणार नाही.

“आन् नळ्या दिसल्यावर?” चैतरामनं विचारलं होतं.

“मग कळेल काही करता येतं का. तुमची तब्येत बघता, कदाचित नाही येणार.”

“आन् नाई पायल्या त?”

सरांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला. “मग औषधांवर. जितके दिवस जातील तितके.” दिवस म्हणाले ते, वर्षं नाही. चैतरामनं तीस वर्षं व्यापाऱ्यांचं बोलणं ऐकलं होतं. कोण कुठला शब्द टाळतो हे त्याला लगेच कळायचं. “आज ठरवू नका. मिसेसना घेऊन या, बसून बोलू.”

पण चैतरामनं तिथंच कागद मागून घेतला, ‘मला करायचे नाही’ असं लिहून घेतलं आणि खाली सही केली.

किडनी त्याची नव्हतीच. नऊ वर्षांत रुख्मानं एकदाही ‘तुमची किडनी’ म्हटलं नव्हतं. सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, “माह्या किडनीले पाणी पाजलं का?” भांडण झालं की, “माही किडनी पोटात घेऊन माह्यावरच आवाज चढवता?” लग्नाच्या पंगतीत कोणी लोणच्याची बरणी घेऊन त्याच्यापुढं वाकलं, तर बायकांच्या पंगतीतून तिचा आवाज यायचा, “तिथं नोको वाढू गा, माही किडनी बसली आहे!” सगळी पंगत हसायची. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिला चाकाच्या खुर्चीतून त्याच्या काचेच्या खोलीपाशी आणलं, तेव्हा तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. ती खाली लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीकडं पाहत होती. पिशवी भरत होती. कालव्याचं पाणी आपल्या धानाच्या बांधीत शिरताना बांधावर उकिडवं बसून पाहावं, तशी ती पाहत राहिली, आणि मग नर्सला म्हणाली, “चला. चालू झाली.”

तिला नागपूरला नेलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे त्याला पाठ होतं. श्वाससुद्धा न घेता म्हणाली असती, जाऊ द्या किडनी, माणूस वाचवा. मग तार गेली असती, औषध गेलं असतं, किडनी बसली असती. पुन्हा आठवड्यातून तीनदा गोंदियाचं मशीन. आणि एवढं करूनही ते हृदय उभ्या हमालांच्याच भरवशावर. रुख्माच्या अंगातून एक वस्तू कायमची गेली असती, ती फुकट.

आणि तार नाही घातली तर? तेही त्यानं परतीच्या गाडीत तुमसर, तिरोडा करत गोंदियापर्यंत विचारून पाहिलं होतं. तर तो जाणार, आणि त्याच्यासोबत ती किडनीही सरणावर. कोणत्याही बाजूनं गेलं तरी ती वाचत नव्हती. फक्त तोवर चालू राहिली असती. चालू असलेली तिची वस्तू आपल्या सहीनं बंद पाडायची नाही, यापलीकडं त्याच्याजवळ करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. गाडीत समोरच्या बाकावरची एक बाई पोराला चणे सोलून देत होती. चैतरामला तिला एखादी गोष्ट सांगावीशी वाटली, पण एकही आठवली नाही.

“बोला ना,” दुधराम म्हणाला. “छातीचं काय म्हणे डॉक्टर?”

“थेच त सांगून राहिलो!” चैतराम खाटेवर पुढं सरकला. आता मागं फिरायला जागा नव्हती. “छातीचं ऐकलं ना डॉक्टरनं, म्हणे, चैतरामजी, एकदा पाहूनच घेऊ. तार घातली. या इथून, मनगटातून, सीधी काळजापर्यंत. वरून रंगाची दवा सोडली. समोर हा एवढा टीव्ही. मी झोपल्या झोपल्या माह्याच काळजात पाहून राहिलो! आन् नळ्या कशा? मंत्री येणार असला म्हंजे मंदिराचा रस्ता झाडतात ना आपल्या इथं, तशा. काडी पडलेली नाई. मी पाहून राहिलो, त तिकडून हमाल येऊन राहिले रांगेनं, पाठीवर कट्टे. टीव्हीतून त्याइनं मले ओळखलं. जाता जाता म्हणते, राम राम, मुकद्दम!”

दुधराम चटईवर आडवाच झाला.

“मी होतो का गा त्यात?” बकारामनं विचारलं.

चैतरामनं म्हाताऱ्याच्या पातळ, सुरकुतलेल्या मानेकडं पाहिलं. “होता ना, बकाभाऊ. सर्वाइच्या पुढं. दोन कट्टे घेऊन.”

“दोन!” बकाराम इतका खूश झाला की त्याला ठसका लागला. दुधराम त्याची पाठ थोपटायला लागला.

“आन् दुखते थे काय म्हणे,” चैतरामनं गोष्ट उरकायला घेतली, “थे निरा गॅस. डॉक्टर म्हणे, घरी जा आन् बायकोले सांगा, लाखोरीची डाळ कमी कर.”

यावर चैतरामही हसला. अर्ध्या हसण्यातच श्वास तुटला. त्यानं तो खोकल्यात लपवला आणि पायरीकडं नजर टाकली.

रुख्मा हसत नव्हती. तिनं सूप खाली ठेवलं होतं, कलतं, आणि डाळ पायरीवरून घरंगळत होती. दाणा सांडला तर दहा मिनिटं वेचत बसणारी बाई त्या डाळीवरून चालत आली आणि खाटेपुढं उकिडवी बसली. तिनं त्याचा उजवा हात ओढून घेतला. डाव्या हाताकडं पाहायचं कारणच नव्हतं. डायलिसिसच्या दिवसांतली फुगलेली शीर होती त्यावर, त्या हाताला कोणी सुई लावत नसे. तिनं उजवं मनगट उन्हात पालथं-उताणं केलं. आतल्या बाजूनं अंगठा फिरवला, कापड पारखावं तसा.

“इथून घातली?”

“इथूनच.”

“काल?”

“काल दुपारी. आताच्या सुया लय बारीक राहतात वो. केसासारख्या.”

“पट्टी?”

“गाडीत पडली.”

“वहिनी, तुम्ही त निरा पोलीस झाल्या,” दुधराम म्हणाला, पण कोणी हसलं नाही.

रुख्माचा अंगठा मनगटावरच होता. “पोटाचा मोठा फोटो काढाचा होता तुमचा, सहा वर्षं झाली. तवा डॉक्टरनं मले बाहेर बोलावून सांगितलं, रुख्माबाई, रंगाची दवा या किडनीले जड जाते, कोणी टाकतो म्हणलं त पयले मले फोन लावा. तवापासून सुई टोचाची झाली तरी मले इचारते तिथले लोक. आन् काल तार घातली, दवा टाकली, आन् माहा फोन वाजला नाई?”

चैतरामनं तोंड उघडलं. पुढचं वाक्य नेहमी आपोआप यायचं. वाघ यायचा, बालाघाट यायचं, काही ना काही यायचं. “वो रुख्मे,” तो म्हणाला, “अडुसष्ट आहे ना पण. कागदावर पाय. अडुसष्ट.”

तिनं कागदाकडं पाहिलं नाही. हातही सोडला नाही.

“खोटं,” ती म्हणाली, दुधराम-बकारामला ऐकू जाईल अशी, मोठ्यानं. “तार घातलीच नाई. माही किडनी वाचवून तुम्ही घरी मराले आले.”